टीव्हीवर झकास, लॅपटॉपवर धुरकट

या खेपेला आलेल्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रांची तक्रार एकच आहे: व्हिडिओ एका पडद्यावर एक दिसतो, दुसऱ्यावर दुसराच. म्हणून माइक आणि ड्रोनवाले प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. रागावू नका.

प्रश्न: आमचं लग्न 2003 सालचं. शूटिंग मिनीडीव्ही कॅसेटवर होतं. मुलीनं हट्ट धरला म्हणून यंदा त्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. कॅमेरा जुन्या डबा टीव्हीला जोडून पाहिला तेव्हा चित्र झकास होतं. लॅपटॉपवर मात्र सगळं धुरकट, काळ्या कोटाचा राखाडी कोट झालेला. कुणी हललं की कडांना कंगव्याचे दात फुटतात आणि झाडून सगळे नातेवाईक सडपातळ झालेत. कॉन्ट्रास्ट वाढवून पाहिला, तर माझ्या पांढऱ्या सदऱ्याचा पत्रा झाला, एक सुरकुती दिसेना. — एक वाचक, सातारा

उत्तर: सडपातळ नातेवाईकांची तक्रार आजवर फक्त तुम्हीच केलीत. बाकी लोक त्याबद्दल गप्प बसतात.

तुमची कॅसेट ठणठणीत आहे. ती टीव्हीसाठी लिहिलेली आहे आणि तुम्ही ती कॉम्प्युटरवर वाचताय, एवढाच घोळ आहे. आधी धुरकटपणाचं बघू. डिजिटल व्हिडिओत काळा 0 वर नसतो, 16 वर असतो, आणि पांढरा 255 वर नसतो, 235 वर असतो. वहीला समास सोडतात तशी वर-खाली मोकळी जागा ठेवलेली असते. कॉम्प्युटरचा पडदा 0 लाच काळा मानतो आणि 255 लाच पांढरा. मधल्या सॉफ्टवेअरला समास कळला नाही, तर 16 चा काळा तसाच पडद्यावर येतो आणि राखाडी दिसतो. यावर कॉन्ट्रास्टची पट्टी ओढणं हा उपाय नव्हे. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपच्या गुणधर्मात जा, तिथे ‘फुल’ आणि ‘व्हिडिओ’ अशा दोन लेव्हल असतात. बहुतेक तुमच्याकडे चुकून ‘फुल’ लागलेलं असणार. ‘व्हिडिओ’ करा, कोट काळा होईल.

आता सदरा. त्या काळातले घरगुती डीव्ही कॅमेरे वरच्या समासातही बिनदिक्कत लिहायचे. भर उन्हातला पांढरा सदरा 235 च्या पुढे जाऊन 250 वर नोंदलेला असायचा. लेव्हल दुरुस्त करताना सॉफ्टवेअर 235 च्या वरचं सगळं कापून टाकू शकतं, आणि सुरकुत्या नेमक्या तिथेच असतात. म्हणून कापणी होण्याआधी हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, खाली ओढायचे. चित्राचा उजेड दाखवणारा वेव्हफॉर्म नावाचा आलेख उघडा आणि सदऱ्याची जागा पाहा. ती वरच्या टोकाला ढगासारखी विरळ पसरलेली असेल तर सुरकुत्या शाबूत आहेत. कात्रीनं कापल्यासारखी सपाट रेघ असेल तर त्या गेल्या. पण कॅसेटमधून गेल्या की फक्त या फाईलमधून, ते आधी तपासा.

त्यासाठी दुकानदाराला एकच गोष्ट विचारा: फायरवायरनं, म्हणजे कॅमेऱ्यातून थेट कॉम्प्युटरला जोडायच्या डिजिटल केबलनं, उतरवलं का? डीव्ही कॅसेटवर माहिती डिजिटलच असते, फायरवायरनं ती जशीच्या तशी निघते आणि तासाला साधारण 13 जीबी जागा घेते. तुमच्या हातात तासाभराची एक-दीड जीबीची एमपी4 पडली असेल तर ती दाबून लहान केलेली प्रत आहे. कॅसेट परत न्या आणि मूळ फाईल मागा. कॅसेट टाकून दिल्या नसाल अशी आशा करते.

कंगव्याचे दात येतात ते इंटरलेसमुळे. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत सेकंदाला 25 चित्रं असत आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, म्हणजे एकदा सम ओळी नि एकदा विषम ओळी. डबा टीव्ही ते अर्धे भाग एकामागून एक दाखवायचा. लॅपटॉप दोन्ही एकदम दाखवतो आणि त्या दोन क्षणांच्या मध्ये वऱ्हाडी पुढे सरकलेला असतो. डीइंटरलेस करून 50 फ्रेमची फाईल बनवा, 25 ची नको, नाहीतर वरातीतल्या नाचाची लय मोडते. या अर्ध्या भागाला फील्ड म्हणतात आणि डीव्हीत खालची फील्ड आधी येते. हे उलटं निवडलंत तर माणसं दोन पावलं पुढे, एक मागे अशी चालतील.

सडपातळपणाचं कारण पिक्सेलच्या आकारात आहे. 720 गुणिले 576 हे चित्र टीव्हीवर ताणून दाखवलं जायचं, कॉम्प्युटरच्या चौरस पिक्सेलवर ते 768 गुणिले 576 करावं लागतं. करा आणि नातेवाइकांना त्यांचं वजन परत द्या.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण पुढे ठेच लागेल म्हणून सांगते. मुलगी म्हणेल, आता हे फुल एचडी करून टाकू. जुन्या व्हिडिओत रंगांचं गणित 601 या मानकाचं आहे, एचडीत 709 चं. नुसता आकार वाढवला आणि गणित बदललं नाही, तर लाल रंग शेंदरीकडे झुकतो आणि हिरवा काळपटतो. लग्नाच्या व्हिडिओत नेमकं काय लाल असतं आणि काय हिरवं असतं, ते सांगायला नको. कुंकू शेंदरी आणि चुडा काळपट दिसला की समजा, रंगाच्या चाकांना हात लावायच्या आधी हे गणित तपासायचं आहे.

हे सगळं झाल्यावरच रंग सुधारायला बसा. त्या वेळी शूटिंगवाल्याबरोबर हॅलोजन धरणारा पोऱ्या असायचा, त्यामुळे पुढची माणसं पिवळी-तांबूस आणि मागे कार्यालयातल्या ट्यूबलाइटखाली बसलेली हिरवट दिसतात. दोन्ही एकदम सरळ करायचा नाद सोडा. पुढचे चेहरे नीट करा, मागचे काका हिरवे राहिले तर राहू द्या.

प्रश्न: ताई, मी लग्नाचं शूटिंग करतो. हळदीच्या कार्यक्रमात ऑटो व्हाइट बॅलन्सचं बटण दाबलं आणि नवरीसकट सगळा मांडव निळा-जांभळा झाला. सॉफ्टवेअर बिघडलंय का? — एक वाचक, बार्शी

उत्तर: नाही हो, ते फार आज्ञाधारक आहे. ऑटो बटणातली बरीच सॉफ्टवेअर असं गृहीत धरतात, की चित्रातले सगळे रंग कालवले तर सरासरी करडा रंग निघावा. ऑफिसच्या मीटिंगमध्ये हे चालून जातं. तुमच्या फ्रेममध्ये झेंडू, पिवळ्या साड्या, हळदीनं माखलेली नवरी आणि वर पिवळ्या कापडाचा मांडव. त्याला वाटलं, अरे बापरे, केवढी पिवळी झाक! मग त्यानं निळा ओतला.

हळदीत पिवळं हा दोष नाही, ते चित्राचं कामच आहे. पण दोन पिवळे वेगळे करायला शिका. अंगावरची हळद ही वस्तू आहे. मांडवाच्या कापडातून गाळून येणारं ऊन हा उजेड आहे. उजेडाची झाक थोडी काढायची, मी साधारण निम्मी काढते. हळदीला हात लावायचा नाही. यासाठी हळद लागायच्या आधीचा, त्याच मांडवातला नवरीचा शॉट शोधा. त्यात चेहरा बरा करून घ्या आणि तीच दुरुस्ती पुढच्या शॉटना लावा.

‘पांढरं काहीतरी’ निवडून आय-ड्रॉपरनं टिचकी मारायची असेल तर भटजींच्या धोतरावर मारू नका. मी सुरुवातीला वर्षभर तेच करत होते आणि माझे सगळे व्हिडिओ किंचित पिवळे का निघतात ते कळत नव्हतं. नंतर आईनं धोतर धुताना सांगितलं: नीळ! आपल्याकडे पांढऱ्या कपड्याला नीळ देतात, आणि आता पावडरींतही कापड जास्त शुभ्र दिसावं म्हणून उन्हात निळसर चमकणारी द्रव्यं असतात. ते कापड पांढरं नसतं, निळसर पांढरं असतं. सॉफ्टवेअर ती निळाई घालवायला पिवळा वाढवतं. स्टीलचं ताम्हनही नको, ते आजूबाजूचाच रंग दाखवतं. खिशात एक करडं कार्ड ठेवा. प्रत्येक जागी उजेड बदलला की दोन सेकंद ते नवरीच्या चेहऱ्याजवळ धरा. पाहुणे विचारतील काय आहे ते. नजर काढतोय म्हणून सांगा.

प्रश्न: मॅम, मी मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॅकबुकवर दा व्हिंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये शॉर्ट फिल्म ग्रेड केली, म्हणजे तिचे रंग आणि उजेड ठरवले. एक्सपोर्ट करून क्विकटाइममध्ये उघडली की फिकट दिसते. म्हणून कॉन्ट्रास्ट वाढवून पुन्हा एक्सपोर्ट केली. क्विकटाइममध्ये मस्त दिसली, पण बाबांच्या विंडोज लॅपटॉपवर रात्रीच्या सीनमध्ये काहीच दिसत नाही. आता चार एक्सपोर्ट झालेत आणि खरं कुठलं तेच कळत नाही. — एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: पहिलं एक्सपोर्ट ठेव, बाकी तीन पुसून टाक. मग पुढे वाच.

मूळ रंगांमध्ये तुझ्या फाईलचं काही बिनसलेलं नाही. एचडी व्हिडिओचं मानक 709 हे 1990 चं. कॉम्प्युटरच्या पडद्यांचं एसआरजीबी एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं 1996 मध्ये मांडलं. दोन्हींचे लाल-हिरवा-निळा हे मूळ रंग तेच आणि पांढराही तोच, डी65. वेगळं आहे ते गॅमा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कुठल्या वळणानं चढतो ते. अंधाऱ्या खोलीतल्या टीव्हीसाठी 2.4 धरतात, उजेडातल्या कॉम्प्युटरसाठी 2.2 च्या आसपास. आणि मॅकवर 709 ची चिठ्ठी लावलेली फाईल क्विकटाइम साधारण 1.96 नं दाखवतो.

हे आकडे ऐकून काही कळत नाही, म्हणून हिशेब करून दाखवते. तुझ्या रात्रीच्या सीनमध्ये भिंतीचा एखादा पिक्सेल 255 पैकी 64 वर आहे असं समज. पूर्ण पांढऱ्याचा उजेड 100 धरला, तर तोच पिक्सेल 2.4 ला 3.6 इतका उजळ दिसतो, 2.2 ला 4.8 आणि 1.96 ला 6.7. आकडा एकच, उजेड जवळजवळ दुप्पट. गंमत म्हणजे पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा तिन्हीकडे जागच्या जागी राहतात, हलतात त्या मधल्या छटा, आणि सगळ्यात जास्त सावल्या. म्हणून तुला ‘फिकट’ वाटलं. ती तूट भरायला तू कॉन्ट्रास्ट चढवलास आणि बाबांच्या लॅपटॉपवर हिरो अंधारात गडप झाला.

चिठ्ठी म्हणजे फाईलला लावलेले तीन आकडे, 1-1-1. पहिला आकडा मूळ रंग कुठले ते सांगतो, दुसरा उजेडाचं वळण, तिसरा वरच्या साताऱ्याच्या पत्रातलं रंगांचं गणित. मॅक ही चिठ्ठी वाचून रंग बदलतो. काही प्लेअर ती वाचतच नाहीत. म्हणून एकाच मॅकवर दोन प्लेअर दोन चित्रं दाखवतात, आणि यात खोटारडा कुणीच नसतो.

आता काय करायचं ते. रिझॉल्व्हच्या प्रेफरन्सेसमध्ये व्ह्यूअरसाठी मॅकचं डिस्प्ले प्रोफाइल वापरण्याचा पर्याय आहे, तो चालू कर. आउटपुटला ‘रेक 709-ए’ निवडलंस तर रिझॉल्व्हमधलं चित्र आणि क्विकटाइममधलं चित्र जुळेल. बघणारे सगळे मॅकवालेच असतील तर हे बरं. पण मॅकच्या त्या उजळ चित्रावर विश्वास ठेवून ग्रेड केलंस, की तुझा हात आपोआप गडद चालतो, आणि इतरत्र ते जास्तच गडद दिसतं. तुझे बघणारे बाबांसारखे असणार. मी वेबसाठी 2.2 वर काम करते, चिठ्ठी 1-1-1 लावते आणि क्विकटाइमकडे दुर्लक्ष करते. क्लायंटला फाईल पाठवत नाही, अनलिस्टेड लिंक पाठवते आणि म्हणते, दरवेळी त्याच एका फोनवर बघा, पडद्याचा उजेड निम्म्यावर ठेवा.

शिवाय माझ्या टेबलावर एक जुना, मरतुकडा लॅपटॉप मुद्दाम ठेवलेला आहे. मान जरा हलवली की त्याच्यावरचे रंग बदलतात. त्याच्यावर मी काहीही सुधारत नाही. एवढंच बघते, की अंधारातला चेहरा कुणाचा आहे ते ओळखू येतं का. येत असेल तर फाईल जाते. तुझ्याकडे बाबांचा लॅपटॉप आहेच.

प्रश्न: पंधरा हजारांत रंगांसाठी मॉनिटर मिळेल का? सध्या ऑफिसच्या लॅपटॉपवर काम करते. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर: मिळेल. आयपीएस पॅनेल (बाजूनं बघितलं तरी रंग फारसे न बदलणारं) हवं, ‘100 टक्के एसआरजीबी’ लिहिलेलं हवं आणि मेनूत एसआरजीबी मोड हवा. तेवढं बघा. एचडीआरचा स्टिकर, गेमिंगचे दिवे यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. स्वस्त ऑफिस लॅपटॉपवर ‘45 टक्के एनटीएससी’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. त्याचा अर्थ एसआरजीबीच्या जेमतेम दोन-तृतीयांश रंग. अशा पडद्यावर पैठणीचा लाल फिका दिसतो म्हणून तुम्ही तो चढवत जाता आणि चांगल्या फोनवर ती पैठणी पेट घेते. कॅलिब्रेटर, म्हणजे पडद्याचे रंग मोजून नीट करणारं यंत्र, विकत घेऊ नका. फोटोग्राफर मंडळींपैकी कुणाकडे तरी असतोच, तीन महिन्यांतून एकदा मागून आणा.

मॉनिटर आणल्यावर एक काम मात्र आठवणीनं करा, नाइट लाइट बंद करा. हे मी माझ्या खर्चानं शिकले. सिंधुदुर्गातल्या एका मंडळाच्या दशावताराचं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. रात्री अकराला बसले, तीनला संपवलं, पाठवून झोपले. विंडोजनं सूर्यास्तालाच नाइट लाइट लावला होता. पडदा पिवळट, म्हणून मी प्रत्येक शॉटमध्ये हळूहळू निळा घालत गेले आणि डोळ्यांना ते बरोबर वाटत गेलं. सकाळी नाइट लाइट गेला तेव्हा पडद्यावर मखमली अंगरख्यातला राजा निळसर पडलेला. त्याच वेळी मंडळातल्या एका काकांचा फोन: “ताई, राजाक थंडी वाजता काय?” चार तासांचं काम दुसऱ्या दिवशी फुकटात पुन्हा केलं. फोनवर तपासत असाल तर ट्रू टोन आणि नाइट शिफ्टही बंद. आणि मॉनिटरमागची भिंत गुलाबी असेल तर तिच्यावर करडा पडदा टाका. गुलाबीशेजारी करडा रंग हिरवट वाटतो आणि हात आपोआप चित्रात गुलाबी भरायला लागतो.

प्रश्न: नवरीकडचे म्हणतात ‘मुलगी जरा गोरी करून द्या.’ किती टक्के करावी? — एक वाचक, जळगाव

उत्तर: शून्य.

तुम्हाला धंदा करायचा आहे हे मलाही कळतं, म्हणून नुसतं नाही म्हणून सोडत नाही. व्हेक्टरस्कोप, म्हणजे चित्रातले रंग गोल तबकडीवर मांडणारा आलेख, उघडा. त्यात लाल आणि पिवळ्याच्या मधून, घड्याळाच्या अकराच्या दिशेला एक रेघ जाते. गोऱ्या, गव्हाळ, सावळ्या, काळ्या, सगळ्यांची कातडी साधारण त्याच रेघेवर पडते, कारण खालचं रक्त सगळ्यांचं लालच. वेगळेपणा उजेडाचा असतो, रंगछटेचा फार थोडा. ‘गोरं करा’ म्हणून लोक चेहरा उजळतात आणि रंग काढून घेतात, तेव्हा तो ठिपका त्या रेघेवरून मध्याकडे घसरतो. मध्य म्हणजे करडा. मुलगी गोरी होत नाही, राखेची होते. टीव्हीवर ते एकवेळ खपून जातं, पण लॅपटॉपच्या जवळून बघायच्या पडद्यावर चेहरा एक नि गळा एक दिसतो.

घरचे खरं तर दुसरंच काहीतरी मागत असतात, चेहरा नीट दिसत नाही ही त्यांची तक्रार असते. बहुतेक वेळा मागे एलईडीची भिंत पेटलेली असते आणि कॅमेऱ्यानं तिच्या हिशेबानं एक्स्पोजर खाली आणलेलं असतं. चेहऱ्यावर मऊ कडांचा मास्क लावा, मधल्या छटा थोड्या उचला, रंग तितकाच भरलेला ठेवा आणि मागची भिंत जरा उतरवा. सावळी मुलगी सावळीच राहते, पण डोळे दिसतात, नथीचा मोती चमकतो. मी हे करून दाखवते आणि विचारते, आता बरं? आजवर एकाच घरानं तरीही ‘अजून’ म्हटलं. त्यांचं काम मी दुसऱ्याकडे पाठवलं.

प्रश्न: यूट्यूबवर टाकल्यावर संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसतात. माझ्याकडे दिसत नव्हते. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: फाईल 8 बिटची, म्हणजे छटांच्या मोजक्याच पायऱ्यांची, आणि वर यूट्यूब ती पुन्हा दाबतो. एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारं आकाश त्यात पायऱ्या-पायऱ्यांचं होतं. ग्रेड करताना आकाश फार ताणू नका. वर अगदी बारीक ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, घाला, पायऱ्यांच्या कडा मोडतात. एचडी असलं तरी 4के आकारात एक्सपोर्ट करून चढवा, यूट्यूब मोठ्या आकाराला चांगलं कोडेक (दाबायची पद्धत) आणि जास्त बिटरेट (सेकंदाला जास्त माहिती) देतो. आणि चढवल्या चढवल्या उघडून घाबरू नका. आधी कमी प्रतीची आवृत्ती तयार होते, मोठी मागाहून येते. तासाभरानं बघा.